चिकटलंय का?

मी लोकांना गाडी शिकवतो. म्हणजे रोज सकाळी कुणाच्या तरी हातात स्टिअरिंग देऊन शेजारी जीव मुठीत धरून बसतो. माझ्या बाजूला पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा खांबाकडे निघाला की आधी तो दाबायचा आणि मग ओरडायचं, हा क्रम चुकवून चालत नाही. माझा आवाज मोठा आहे आणि तोंड फटकळ आहे. सासूबाई आमच्याकडेच राहतात, त्यामुळे हे विसरायची सोय नाही. पण सांगायचंय ते बायकोबद्दल. मी मध्ये मध्ये लुडबुड करीन, त्याला इलाज नाही. शेजारी बसून बोलायची सवय आहे.

बायको सिनेमाचं काम करते असं सांगितलं की लोक आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि ह्या दोघांत सिनेमा कुठे आहे ते शोधतात. ती पुसते. नट उंचावरून उडी मारतो तेव्हा त्याच्या कमरेला दोर असतो, तो दोर ती पुसते. गोष्ट जुन्या काळची आणि भिंतीवर दिसतंय विजेचं मीटर, तर ते मीटर पुसते. पुसून तिथे भिंत रंगवते, अशी की तिथे जन्मात काही नव्हतंच. एका सेकंदात चोवीस चित्रं असतात म्हणे, तर चोवीस वेळा. ऑफिसात तिचं नाव पडलं खोडरबर. तिच्या मॅडमसुद्धा तिला खोडरबर म्हणायच्या आणि तिला ते आवडायचं. मी एकदा म्हटलं, "अगं, तुझं काम चांगलं झालं तर ते कुणाला दिसतच नाही. मग कौतुक करणार कोण?"

"तुम्ही ज्या दिवशी कुणाला ठोकत नाही, त्या दिवशी येतं का कुणी हार घेऊन?" ती म्हणाली.

 

मग ऑफिसात फर्मान निघालं. एकेक चित्र हातानं पुसायचे दिवस संपले, ते आता यंत्र करणार. ज्यांना राहायचंय त्यांनी कॅमेरा ट्रॅकिंग आणि प्रोजेक्शन शिकायचं. शेवटी प्रत्येकाला एक परीक्षेचा शॉट मिळणार. जमला तर नव्या टीममध्ये, नाही जमला तर रामराम. तिच्याबरोबरच्या बायका रडकुंडीला आल्या. ही मात्र घरी येऊन मला धडे द्यायला लागली, कारण कुणाला तरी शिकवल्याशिवाय तिच्या डोक्यात काही बसत नाही.

स्वयंपाकघरात उभं केलं मला. "एक डोळा मिटा. आता मान डावीकडून उजवीकडे न्या. काय झालं?"

"मान दुखली."

"अहो, चेष्टा पुरे. ओट्यावरचं पातेलं बघा आणि मागच्या फळीवरचे डबे बघा."

बघितलं. पातेलं भरभर सरकत होतं, डबे सावकाश. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. एवढंच, म्हणे, सगळं शास्त्र. चित्रातले जागचे न हलणारे ठिपके संगणकाला द्यायचे. भिंतीचा कोपरा, फरशीचा सांधा, एखादा खिळा. ते ठिपके कसकसे सरकले त्यावरून तो काढतो की कॅमेरा कुठून कुठे गेला. हे झालं ट्रॅकिंग. मग एकाच चित्रावर कोरी भिंत रंगवायची, तो झाला पॅच. तो ज्या जागेवरून रंगवला त्याच जागेवरून टॉर्चच्या झोतासारखा भिंतीवर सोडायचा, हे झालं प्रोजेक्शन. मग कॅमेरा नाचो की पळो, पॅच भिंतीला चिकटून राहतो. चोवीस वेळा पुसायला नको.

"आणि ठिपका चुकीचा दिला तर?"

"तर पॅच सरकतो. आणि सरकला की मेलं सगळं. लोकांना काय चुकलं ते कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं."

तेव्हापासून तिच्या तोंडी एकच प्रश्न. चिकटलंय का? मी बोटाला पट्टी लावली, चिकटलंय का? डब्यावर नावाची चिठ्ठी डकवली, चिकटलंय का? सिनेमा बघायला न्यायची सोय राहिली नाही. ऐन मारामारीत कोपराने ढोसायची, "मागची पाटी बघा, सरकतेय." मला ती आजतागायत कधी सरकलेली दिसली नाही. तिची नजरच तशी होती. केसभर जरी इकडेतिकडे झालं तरी तिला टोचायचं. शिकून थोडे दिवस झाले नाहीत तोवर बाकीच्या बायका आपापले शॉट घेऊन हिच्या खुर्चीमागे रांग लावायला लागल्या.

घरातही ह्या नजरेपुढे कुणाचं चालायचं नाही. मी थाप मारली की माझी डावी भुवई उडते, असं तिचं म्हणणं. मी आरशासमोर उभा राहून मुद्दाम थापा मारून बघितल्या. मला काही उडताना दिसली नाही. पण तिनं वर बघितलं की मी मुकाट्यानं खरं सांगून टाकायचो, लग्नापासून.

सुरुवात चहापासून झाली. कपात ओतायचा तो तिनं बशीत ओतला. मी म्हटलं, लक्ष कुठे आहे? मग तिला पडद्यावर डाग दिसायला लागला. पुसपुस पुसला, ऑफिसात पडदा बदलून घेतला, तरी तिथेच. वर्तमानपत्र वाचताना म्हणाली, "हे हल्ली अर्धी अक्षरं खातात की काय?" मी म्हटलं चष्मा बदल. सासूबाई म्हणाल्या गाजर खा. तिनं दोन्ही केलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला चौकडीचा कागद दाखवला. मधल्या ठिपक्याकडे बघा, रेषा कुठे तुटतात ते सांगा.

"कुठेच तुटत नाहीत," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

मग डॉक्टरांनी लाल टोपणाचं पेन कडेनं हळूहळू मध्ये आणलं. "दिसतंय?" दिसतंय. "आता?" दिसतंय. पेन कागदाच्या मधोमध आलं. "आता?"

"नेलंत की तुम्ही," ती म्हणाली.

पेन तिथेच होतं. लाल, ठसठशीत, तिच्या नाकासमोर. मी बघत होतो.

डॉक्टर चांगले होते, सावकाश बोलत होते. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, दोन्हीकडे. आपण ज्याच्याकडे थेट बघतो ते ह्या मधल्या भागात पडतं. तिथे भोक पडलं तरी भोक दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूचं बघून ते बुजवतो. कागदाच्या रेषा बघून रेषा भरतो, भिंत बघून भिंत भरतो. म्हणून इतके दिवस कळलं नाही.

ती हसायला लागली. त्या अंधाऱ्या खोलीत खरंच हसली. "म्हणजे पॅच मारतो."

डॉक्टरांना काही कळलं नाही. तिनंच पुढे विचारलं, "आणि मी दुसरीकडे बघितलं तर?"

"तर तो डाग तुमच्या नजरेबरोबर तिकडे जातो. कडेचं दिसत राहील. चालता-फिरता येईल, घरात वावरता येईल."

"औषध?" मी विचारलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ह्या प्रकाराला नाही."

"नाही म्हणजे काय? एवढी यंत्रं लावून ठेवलीत आणि नाही म्हणजे काय?" बाहेर बसलेली माणसं आत डोकावली इतका मी ओरडलो.  बायकोनं माझा हात धरायला हात पुढे केला आणि तो खुर्चीच्या दांडीवर पडला. मीच उचलून माझ्या हातात घेतला.

घरी आलो तशी ती जिन्याच्या तोंडाशी थांबली. "ऑफिसात सांगायचं नाही."

"वेड लागलंय का तुला? नजरेचं काम आहे ते!"

"म्हणूनच. सांगितलं की मला खुर्ची देतील, पाणी विचारतील, काम देणार नाहीत. मला दुसरं येतं काय हो? परीक्षेचा शॉट तेवढा होऊ दे. एकदा टीममध्ये नाव लागलं की पुढचं पुढे बघू."

"आणि तो करणार कोण?"

"मी सांगीन, तुम्ही करा. तुमचे डोळे आहेत ना शाबूत?"

काय सांगू, मी चाळीस प्रकारे नाही म्हणालो असेन. पण त्या डॉक्टरांच्या खोलीनंतर तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मान डोलावली. डोलावलेली तिला दिसली नाही, म्हणून तोंडानंही हो म्हटलं.

आईचे गुडघे गेलेत, घरून काम करते, असं तिनं मॅडमना कळवलं. संगणक घरी आला. सासूबाई भडकल्या. "माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? मी अजून जिना चढते!" मग त्यांना खरं सांगावं लागलं. त्या आत जाऊन बसल्या. संध्याकाळी बाहेर आल्या त्या मुद्दाम लंगडत. कुणी विचारलंच तर, म्हणाल्या, सवय असलेली बरी.

सकाळचे शिकाऊ उरकून मी दुपारी घरी यायचो आणि आमची शिकवणी बसायची. मी पडद्यासमोर, ती शेजारी. आता स्टिअरिंग माझ्या हातात आणि शेजारी ती, आणि तिच्या पायाशी ब्रेक नाही. ती पडद्याकडे बघायची नाही, खिडकीच्या पडद्याकडे बघायची. म्हणजे मग कडेनं आमचा पडदा तिला दिसायचा. कुणी आत आलं असतं तर म्हणालं असतं, नवराबायकोचं भांडण झालंय, ही तोंड फिरवून बसलीय.

"माउस असा धसकन् नका नेऊ. गिअर नाहीये तो."

"मला शिकवू नकोस."

"मग काय करू? शिकवायलाच बसलेय!"

माझे शिकाऊ मला काय काय म्हणत असतील ते त्या दिवसांत कळलं. एकच बटण ती पाचदा सांगायची आणि मी सहाव्यांदा दुसरंच दाबायचो. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा मी अख्ख्या दुपारचं काम जपून न ठेवता बंद केलं. सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या पटकन बोलून गेल्या, "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातली गत." आणि मग जीभच चावली. ट्रे हातात तसाच. बायको म्हणाली, "आई, त्यातलं कुत्रं ते, मी नाही, एवढंच लक्षात ठेव." सासूबाई हसता हसता रडायला लागल्या. आमच्या बोलण्यात डोळ्यांच्या म्हणी किती आहेत ते घरात दुखणं आल्यावर कळतं. चार वाक्यं बोलावीत तर एक आडवी येते.

परीक्षेचा शॉट असा होता. एक लांब गॅलरी. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला लोखंडी जाळीचा कठडा, कठड्यापलीकडे लांबवर दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या. एक बाई गॅलरीतून चालत जाते आणि कॅमेरा तिच्या मागे. भिंतीवर एक मीटरची पेटी आणि तिच्यातून निघालेला पाइप. ते दोन्ही नाहीसं करायचं.

पॅच तिनंच रंगवला. त्यात मी हात लावलेला तिला चालणार नव्हतं. चित्र इतकं मोठं केलं की भिंतीची एकेक खपली ताटाएवढी झाली, मान वाकडी करून, गाल जवळजवळ काचेला टेकवून, कडेच्या नजरेनं रंग जुळवला. पाठ धरली तिची. झाल्यावर मी बघितलं, पेटी जिथे होती तिथे ओल आलेली जुनी भिंत. आपण हात फिरवावा तर पोपडे निघतील अशी.

"आता ठिपके तुमचे," ती म्हणाली.

ठिपके मी दिले. ठसठशीत दिसतील असे कोपरे शोधा, असं तिनं सांगितलं होतं. भिंत सगळी मळकी, तिच्यावर काय ठसठशीत असणार? पण कठड्याच्या जाळीत कोपरेच कोपरे होते, काळेभोर, रेखीव. हावरटासारखे घेतले. भिंतीवरचेही थोडे घेतले, तिनं सांगितलंय म्हणून. मग संगणकानं हिशोब करून किती चुकलं त्याचा आकडा दाखवला. तो जितका लहान तितका ट्रॅक बरा. आमचा आकडा भलताच मोठा.

"मोठा आकडा ज्यांचा आहे ते ठिपके काढत जा," ती म्हणाली. "पण बघून काढा." तेवढ्यात तिला आत औषध घालायला जायचं होतं. डॉक्टरांनी डोळे कोरडे पडू नयेत म्हणून दिलेले थेंब, दुसरं काही नाही.

मी काढत गेलो. एक काढला, आकडा उतरला. अजून काढले, अजून उतरला. मला झिंगच चढली. हा माणूस आकड्यांना कधी भ्यायला नाही! ती बाहेर आली तेव्हा आकडा असा खाली आला होता की तिचे स्वतःचेसुद्धा इतके खाली येत नसत. मी वाचून दाखवला. तिनं दोनदा विचारलं. मग तिच्या तोंडावर जे आलं ते मी डॉक्टरांकडे गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

पॅच सोडला, शॉट चालवला. "चिकटलंय का?"

मी बघितलं. भिंत होती, पेटी नव्हती, बाई चालत होती. "चिकटलंय."

मी थाप मारली नव्हती. मला तसंच दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. स्पीकरवर लावला. सरळ बाई, आडपडदा नाही. "खोडरबर, सरकतंय. बाई पुढे जाते तसा पॅच भिंत सोडून वीतभर पळतो. मी ट्रॅक उघडून बघितला. कठड्याच्या जाळीवर ठिपके? तुम्ही? तुमच्याकडून शिकलेल्या मुलीसुद्धा हे करत नाहीत. घरी सगळं ठीक आहे ना?"

"आईचे गुडघे," बायको म्हणाली.

"उद्या दुपारपर्यंत पुन्हा द्या. पुढे मला थांबता येणार नाही. वरून विचारणा होते."

फोन ठेवल्यावर मी उसळलो. "अगं, पण आकडा! आकडा तर बघा म्हणावं!"

"तुम्ही काढलेले ठिपके कुठले होते?"

"मोठ्या आकड्याचे."

"कुठले हो? कुठे होते?"

आठवलं. आणि आठवल्यावर आवाज खाली आला. "भिंतीवरचे."

तिनं कपाळावर हात मारला, पण ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "अहो, जाळीचा गज तुमच्या हाताशी आणि त्याच्या मागची खिडकी मैलभर लांब. एकावर एक दिसतात म्हणून चित्रात कोपरा होतो. पण तो कोपरा जगात कुठेच नाही. कॅमेरा हलला की तोही हलतो. खरं बोलणारे चार होते, ते तुम्ही हाकलून दिलेत. मग खोटं बोलणाऱ्यांचं एकमत झालं, म्हणून आकडा उतरला."

"मला काय माहीत?"

"हो ना. मला माहीत होतं," ती म्हणाली. "मला दिसलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी शिकाऊंना सुट्टी दिली आणि सकाळीच बसलो. आता तिनं नवी युक्ती काढली. मी ठिपका सांगायचा आणि तिनं विचारायचं, हात लावता येईल? गज आणि खिडकीचा कोपरा, हात लावता येईल? नाही. काढा. पायरीची कड? येईल. ठेवा. बाईच्या पदराची शिवण? येईल, पण बाई चालतेय. काढा. उखडलेल्या फरशीचा सांधा, भिंतीतला खिळा, दाराच्या चौकटीचा तळ, ओलीच्या डागाचं टोक. येईल, येईल, येईल. मी ओरडलो नाही, तीही ओरडली नाही. आमच्या लग्नात इतकं शांतपणे एकमेकांशी बोलणं कधी झालं असेल, मला आठवत नाही.

आकडा परवाच्याहून मोठा आला. "येऊ दे," ती म्हणाली. "चालवा."

चालवला.

"चिकटलंय का?"

आता मला माहीत होतं की परवा मला चिकटलेलं दिसलं होतं ते वीतभर पळत होतं. मग आज जे दिसतंय त्याचं काय? मी पॅचकडे बघितलं. ती म्हणाली, पॅचकडे नका बघू, शेजारच्या डागाकडे बघा. डागाकडे बघितलं. एकदा वाटलं जागच्या जागी आहे. पुन्हा चालवलं, वाटलं हलला. की माझी पापणी हलली? पुन्हा चालवलं. मी चांगला धट्टाकट्टा, लांबच्या पाट्या वाचणारा माणूस, दोन डोळे वटारून बसलोय आणि मला कळत नाही. तिनं खुर्ची वळवून कडेनं बघून पाहिलं. "एवढं बारीक कडेनं नाही हो कळत," म्हणाली. मग सासूबाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे की भिंत. पण कुणीतरी रंग काढायला हवा." घरात तीन माणसं, आणि एका पॅचचा सुगावा लागेना.

दुपार झाली होती. मॅडमनी एकदा आठवण करून दिली होती.

"सांगा ना," ती म्हणाली. "चिकटलंय का?"

तिचे दोन्ही हात मांडीवर होते, घट्ट धरलेले. मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, "चिकटलंय. अगदी घट्ट."

तेव्हा तिनं खिडकीवरून नजर काढली आणि लग्नापासून बघत आली तशी सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मी वाट बघत राहिलो. आता म्हणेल, आता म्हणेल. तिचे डोळे माझ्यावर होते आणि कुठेच टेकत नव्हते. कपाळाकडे जायचे, गालाकडे यायचे, पुन्हा मध्ये.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"तुमचे कान दिसतात. खांदे दिसतात," ती म्हणाली. "मध्ये मागची भिंत. चांगली आहे हो भिंत. जरासुद्धा सरकत नाही."

मग हळूच विचारलं, "भुवई उडाली का?"

गाडीत असतो तर माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला असता. इथे नुसती फरशी होती.

"उडाली," मी म्हटलं. "मला नाही कळत गं. काहीच नाही कळत मला."

"मग असं नाही पाठवायचं," ती म्हणाली. तिनं फोन मागितला, मीच मॅडमचा नंबर लावून दिला, आणि तिनं सगळं सांगितलं. गुडघे, डोळे, मी, सगळं. न रडता. शेवटी म्हणाली, "खोडरबर झिजलं म्हणा, मॅडम."  मग मॅडम म्हणाल्या, संगणक न्यायला माणूस पाठवते, पण घाई नाही, सावकाश. आणि जे काही झालंय ते आहे तसं पाठवा, मी बघते.

मी रागानंच पाठवलं. कुणावर राग ते विचारू नका.

संध्याकाळी मॅडमनी पुन्हा फोन केला. "बघितला शॉट. खोडरबर, केसभरसुद्धा सरकत नाहीये."  मला वाटलं बायको आनंदानं उडी मारेल, नाहीतर कोसळेल. ती म्हणाली, "ओलीच्या डागाचं टोक बरोबर धरलं ह्यांनी," आणि मॅडमना सांभाळून राहायला सांगून फोन ठेवला. आता त्या बातमीचा उपयोग कुणाला होता? तिला बघता येत नव्हतं आणि मला बघूनही कळलं नव्हतं.

संगणक गेला. टेबलावर त्याच्या बुडाएवढा स्वच्छ चौकोन राहिला, बाकी धूळ. सासूबाई अजून लंगडतात, सवयीनं. मी परवा दुपारी घरी आलो, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. तिनं माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी तिला दिसेनासा झालो. हे आता मला कळतं. ती थेट बघते तेव्हा मी नसतो.

मग तिनं तोंड फिरवून दाराकडे बघितलं. दाराकडेच बघत राहिली, आणि जरा वेळानं हसली.

"हां, आता दिसलात. किती दिवस दाढी केली नाहीत हो?"

"करतो उद्या," मी म्हटलं. ती दाराकडे बघत होती तोवर मी जागचा हललो नाही.